त्रेसष्ट शून्यं

९ फेब्रुवारी

चि. खारूताई,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, नुसतं वाळलेलं शेवाळ, आणि वर लिहिलेलं 'पुलाखालची भिंत, उत्तर बाजू'. तर्कशास्त्राच्या मास्तरला शेवाळ पाठवणारी पुतणी जगात एकच असेल. टेबलावर ठेवलंय. झाडायला येणाऱ्या बाईंनी ते दोनदा कचऱ्यात टाकलं आणि मी दोनदा बाहेर काढलं.

बातमी अशी की मला छाननी समितीवर घेतलंय. हसू नकोस. यंदा आमच्या विद्यापीठात निरनिराळ्या विभागांत मिळून अकरा जागा भरायच्या आहेत. नवा नियम असा, की प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत दोन पानांचं 'विविधता-निवेदन' द्यायचं. तुम्ही कोण, कुठून आलात, निरनिराळ्या थरांतल्या माणसांसाठी आजवर काय केलंत, पुढे काय कराल. त्याला दहापैकी गुण. तिघं जण तपासणार, आणि सरासरी सहाच्या खाली गेली की फाईल बंद. त्या माणसाने आयुष्यभर काय संशोधन केलं ते कुणी उघडूनही बघणार नाही. निवेदनावर नाव नसतं, नुसता क्रमांक.

याविरुद्ध मी विद्यापीठाच्या पत्रिकेत लिहिलेला लेख तुला पाठवला होताच. डीनबाई हुशार. लेख आला त्याच आठवड्यात मला बोलावून म्हणाल्या, "सर, विरोधी मत समितीत हवंच. नाहीतर विविधता कसली?" समितीत त्या स्वतः, मी आणि तिसरे अर्थशास्त्राचे गृहस्थ. म्हणजे माझं झालंय धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कुणी येऊ नये असं माझं म्हणणं नाही, हे तुला तरी सांगायला नको. आमच्या विभागात पस्तीस वर्षं त्याच चार गल्ल्यांतली माणसं आली, त्यातला मीही एक. दारं उघडा, म्हणतो मी. पण दारात उभं करून 'मी योग्य विचारांचा आहे' असं लिहून घेऊ नका. आज ही मंडळी लिहून घेतील, उद्या दुसरी येतील आणि नेमकं उलटं लिहून घेतील. लिहिणारा बिचारा तोच राहील. आणि लोक शिकतात किती पटकन. परवा एक हंगामी शिकवणारा मला विचारतो, "सर, तुमच्या लहानपणी गरिबी होती ना? थोडी उसनी द्या, निवेदनात घालतो." म्हटलं, होती, पण दादाने आणि मी ती वापरून संपवली.

तुझ्यावर असं काही लिहायची वेळ आली तर एक ऐक. तुझ्या बोलण्याबद्दल त्यात एक अक्षर घालू नकोस. तुझं अडखळणं ही आपल्या घरातली गोष्ट आहे, ती चव्हाट्यावर मांडायची नाही. शेवाळाबद्दल लिही.

जूनमध्ये कंत्राट संपतंय ना? पुढे काय? वहिनींना नमस्कार सांग.

तुझा काका


१८ फेब्रुवारी

ती. काका,

फोन करून अभिनंदन करणार होते, पण तो शब्द माझ्या तोंडून निघेपर्यंत तुम्ही निवृत्त झाला असता. म्हणून पत्रच.

कंत्राट जूनमध्येच संपतंय. हे तिसरं. चौथं देत नाहीत, तसा नियम आहे. शेवाळावर काम करणाऱ्याला कायमची जागा किती वर्षांनी निघते ते तुम्हाला माहीत आहे. यंदा एक निघाली आहे असं ऐकलंय. बघते. काही ठरलं की कळवीन.

तुमचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा सगळा पटला, दुसऱ्यांदा निम्मा. काका, आजवर मी पाच मुलाखती दिल्या. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. मागच्या वेळी माझ्या शेवाळाचं शास्त्रीय नाव घ्यायलाच चार मिनिटं गेली आणि समोरचे गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "राहू द्या, पुढचा प्रश्न घेऊ." तेव्हा कुणी कुणाकडून काही लिहून घेत नव्हतं. सगळ्यांची मनं मोकळी होती आणि दार बंद होतं. कागदावर मी अडखळत नाही. तुम्हाला ते निवेदन म्हणजे शपथ वाटते. मला वाटतं, निदान एकदा तरी आधी माझं सगळं ऐकून घेतील आणि मग तोंड उघडायला लावतील.

सहज म्हणून असं एक निवेदन लिहून बघितलं. घाण वाटलं, हे खरं आहे. दवाखान्यात कपडे काढताना वाटतं तसं. पण दवाखान्यात निदान कुणीतरी तपासतं.

आई बरी आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, तेव्हा घरभर निळे धागे आहेत. माझ्या पाकिटांतही सापडतात.

तुमची
खारूताई


३ मार्च

चि. खारूताई,

माझं व्याख्यान झालं नाही. विषय होता 'मत मांडण्याची मोकळीक', आणि मुलांनी सभागृहाच्या दाराला खुर्च्या लावून ठेवल्या. वीसेक जण होती. चौतीस वर्षं ज्या दारातून आत गेलो त्याच्या बाहेर मी टिपणं हातात घेऊन उभा. एका मुलीला विचारलं, "तुझा आक्षेप नेमका कशाला आहे?" ती म्हणाली, "तुम्ही काय बोलणार ते आम्हाला माहीत आहे." ऐकायच्या आधीच माहीत. संध्याकाळी डीनबाईंचं पत्र आलं की सुरक्षिततेच्या कारणास्तव व्याख्यान पुढे ढकलण्यात येत आहे. किती पुढे, ते लिहिलेलं नाही.

मला वाईट वाटलं. रागही आला, पण वाईट जास्त वाटलं. ज्या मुलांना मी वाद घालायला शिकवलं तीच वाद घालायला तयार नाहीत.

त्यामुळे आता ठरलं. शेंडी तुटो वा पारंबी. त्रेसष्ट निवेदनं माझ्या खोलीत आली आहेत, हिरव्या फितीने बांधलेली. ती फीत मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना शून्य देणार. कारणांच्या रकान्यात लिहिणार, 'तत्त्वतः'. बघ, यात कुणावर अन्याय नाही, कारण सगळ्यांना सारखंच. माझ्या शून्यामुळे सगळ्यांची सरासरी सहाच्या खाली जाईल, कुणीच पास होणार नाही, हा सगळा टप्पा कोसळेल आणि मग झक मारत त्यांना माणसांचं काम उघडून वाचावं लागेल. तर्क अगदी सरळ आहे. डीनबाईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "तुमचं मत, तुमचे गुण." वीस तारखेपर्यंत द्यायचे आहेत.

तुझ्या त्या जागेचं काय झालं? ताकास तूर लागू देत नाहीस.

तुझा काका


७ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र आजच मिळालं आणि उभ्याउभ्याच उत्तर लिहिते आहे.

तुम्हाला बोलू दिलं नाही हे वाईट झालं. बोलू न देणं म्हणजे काय हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा हे तोंडदेखलं म्हणत नाही.

पण तुमच्या तर्कात भोक आहे. बाकीच्या दोघांनी मिळून अठरा गुण दिले तर तुमच्या शून्यासकट सरासरी सहा होते. नऊ आणि नऊ. नऊ कुणाला मिळतात? ज्याने गुळगुळीत साचा कुठूनतरी मिळवला, त्याला. ज्याने चाचरत, खाडाखोड करत खरं लिहिलं त्याला सात मिळतील, आठ मिळतील. तुम्ही नसतात तर तो पास झाला असता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे नुसतं ओलंच जळेल.

काका, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. ती फीत सोडा. सगळी नकोत, थोडी वाचा. वाचून शून्य द्यावंसं वाटलं तर द्या. पण वाचा.

उत्तर लगेच द्या.

तुमची
खारूताई


१३ मार्च

चि. खारूताई,

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच मी गुण दिले. आधीच पोचलं असतं तरी दिलेच असते, हे सांगून टाकतो, म्हणजे टपालखात्याला दोष नको.

अठराचं म्हणशील तर तू त्या दोघांना ओळखत नाहीस. डीनबाई आणि अर्थशास्त्रवाले यांचं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर गेली सहा वर्षं एकमत झालेलं नाही. ते दोघं एका माणसाला नऊ-नऊ देतील हे घडायचं नाही.

आणि वाचायचं म्हणशील तर, वाचणं म्हणजेच मान्य करणं. पहिलं पान उलटलं की मी त्या खेळात आलो. मग हा बरा, तो वाईट, हिचं दुःख सहा गुणांचं, त्याचं आठ. ते माझ्याच्याने होणार नाही. तुला हे कळायला हवं होतं. तुझ्या पत्रातून मला त्या खुर्च्यावाल्या मुलांचा वास आला, हे लिहायला जड जातंय, पण आला. तुझ्या तिथल्या लोकांनी तुला चांगलं शिकवलेलं दिसतं.

असो. रागावू नकोस. तब्येतीला जप.

तुझा काका


३० एप्रिल

चि. खारूताई,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. तू नऊ वर्षांची असल्यापासून इतका खंड कधी पडला नव्हता. उजवा हात मोडला होता तेव्हाही तू डाव्या हाताने लिहिलं होतंस. मी मागच्या पत्रात तोडून बोललो. म्हातारा माणूस, उचलली जीभ लावली टाळ्याला. सोडून दे.

इकडचं सांगतो. टप्पा काही कोसळला नाही. नऊ जण पास झाले. दोघांचं एकमत झालं, तुझंच खरं ठरलं. त्या नऊ जणांची निवेदनं सूचनाफलकावर नमुना म्हणून लावली आहेत. येताजाता दिसतात. एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत, शब्द न् शब्द तोच. बाकी चोपन्न जणांच्या फायली बंद. वनस्पतिशास्त्राच्या जागेसाठी नऊपैकी एकच उरला होता, त्यालाच घेतलं. त्याने शेवाळ पाहिलं असलंच तर पाय घसरताना पाहिलं असेल.

तरी मी माझ्या जागी स्वच्छ आहे असं मला वाटतं. लिहून टाकतो, कारण हल्ली ते स्वतःलाच सांगावं लागतंय.

पुलाखालचं शेवाळ पाणी शिंपडल्यावर पुन्हा हिरवं झालं. हे तू सांगितलं होतंस, मला खरं वाटलं नव्हतं.

तुझा काका


९ मे

भावोजींना नमस्कार,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घ्या. हे पत्र मी पोरीला न सांगता लिहिते आहे.

ती दोन वेळा जेवायला बसते आणि ताटात चित्रं काढून उठते. हे असते तर त्यांनी बोलतं केलं असतं असं म्हणणार होते, पण यांनीही तिचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. तिला बोलतं करणारे तुम्हीच. म्हणून तुम्हाला लिहिते.

तिने तुमच्याच विद्यापीठात अर्ज केला होता, शेवाळाच्या जागेसाठी. काकांना सांगायचं नाही, माझ्या हिमतीवर मिळालं तर मिळू दे, अशी मला शपथ घातली होती. तुमच्याकडे राहायला यायला मिळेल म्हणून मी पडद्याचं कापडही बघून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये नापास झाल्याचं पत्र आलं. त्यात तिघांचे गुण होते. आठ, आठ आणि शून्य. मी विचारलं, "शून्य कुणी दिलं गं?" तर म्हणाली, "ए-एका तत्त्वाच्या माणसाने." आणि आत गेली.

भावोजी, तुम्ही तिथेच असता, तुम्हाला तो माणूस माहीत असेल. त्याला एकदा भेटून विचारा. मी चाळीस वर्षं कपडे शिवते. माप न घेता 'तुला हा कपडा बसणार नाही' असं मी कधी कुणाला म्हणाले नाही. त्याने काय वाचलं तिचं, एवढंच विचारा. तिचा क्रमांक सत्तावीस होता, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला बघितला.

तुमची
वहिनी


२० मे

चि. खारूताई,

वहिनींचं पत्र आलं. त्यांना रागावू नकोस. त्यांनी मला सांगितलं, की त्या माणसाला भेटून विचारा. मी भेटलो आहे. त्याने काहीही वाचलं नव्हतं.

अभिलेख खोलीत गेलो. तिथल्या बाईंनी गठ्ठा काढून दिला. हिरव्या फितीची गाठ तशीच होती, माझ्या प्रतींना कुणाचा हात लागलेला नव्हता. गाठ सुटेना, त्यांनीच कात्री दिली. सत्तावीस नंबर काढून तिथल्याच स्टुलावर बसून वाचला. तुझंच आहे, तुला पाठ असेल, तरी लिहितो, कारण मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचं आहे:

'मी अडखळत बोलते. लहानपणी घरातले सगळे मायेपोटी माझं वाक्य पुरं करून द्यायचे. मग मला काय म्हणायचं होतं ते मीच विसरून जायची. घरातलं एक माणूस मात्र थांबायचं. हातातलं पुस्तक मिटून, घड्याळाकडे न बघता, माझा शेवटचा शब्द येईपर्यंत. चहा गार व्हायचा, तरी थांबायचं. विद्यापीठ कसं असावं असं मला कुणी विचारलं तर मी त्या खुर्चीकडे बोट दाखवीन. माझ्या वर्गात मी कुणाचंही वाक्य पुरं करणार नाही. विविधतेसाठी मला एवढंच करता येईल, आणि ते मी रोज करीन.'

त्यापुढे दीड पान शेवाळावर आहे. तेही वाचलं.

मी तुला म्हणालो होतो की तुझ्या बोलण्याबद्दल लिहू नकोस. तू लिहिलंस आणि चव्हाट्यावर काही मांडलं नाहीस. मांडलं असशील तर मला.

डीनबाईंकडे गेलो. म्हटलं, माझी शून्यं मागे घेतो, त्रेसष्टच्या त्रेसष्ट, मी चुकलो असं पत्रिकेत छापा. त्या म्हणाल्या, "सर, निकाल लागला, नेमणुका झाल्या. आम्ही तुमच्या मताचा आदर केला." खिडकी उघडी होती, का कोण जाणे, तेवढंच लक्षात राहिलं. आपलं नातं मी अजून सांगितलेलं नाही. ते सांगून, भांडून, काही होणार असेल तर सांगतो. तू म्हणशील तसं. तो नियम मला आजही चूक वाटतो. पण नियमाशी भांडताना मी माणसांना शून्य दिलं, आणि त्यातलं एक तू होतीस. मी रडलो, हे तुला कळायला हवं.

मी थांबतो. तुला जेव्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिही. वाटलं नाही तर तेही मला समजेल.

काका


४ जून

ती. काका,

नातं सांगू नका. सांगितलंत तर लोक म्हणतील काका असूनही मिळालं नाही, म्हणजे पोरीत काही दम नसणार. आणि मिळालं असतं तर म्हणाले असते काका होता म्हणून. नातेवाइकांची माहिती मुलाखतीच्या वेळी द्यायची असं पत्रकात होतं, तेव्हा मी देणारच होते. तोवर पोचलेच नाही.

सोमवारपासून एका औषध कंपनीच्या गोदामात कामाला लागले आहे. खोक्यावरचं लेबल आणि यादीतलं नाव जुळतं का ते बघायचं. बोलावं लागत नाही. विभागाने माझी शेवाळाची चारशे बारा पाकिटं घेऊन जायला सांगितली, ती आईच्या शिवणाच्या कपाटात ठेवली आहेत. आईने दोन कप्पे रिकामे करून दिले. तो माणूस कोण ते तिला अजून माहीत नाही. मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. तिच्याकडे तेवढे एकच भावोजी आहेत.

तुम्ही म्हणता तो नियम चूक आहे. मलाही तसंच वाटतं. ते निवेदन लिहिताना मी तीनदा फाडलं. लिहून झाल्यावर मात्र ते कुणीतरी वाचावं असं फार वाटायला लागलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातून एक निवडता येत नाही. पुढच्या वर्षीही नियम राहील. समितीत शून्य देणारं कुणी नसेल. मी अर्ज करणार नाही.

मला तुमचा राग आला होता. आता रागही राहिला नाही, ते जास्त वाईट आहे. काही दिवस तुम्ही पत्र पाठवू नका. शेवाळावर पाणी शिंपडत राहा, पण रोज नको, कुजेल.

एक सांगायचं राहिलं. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'घरातलं एक माणूस' नव्हतं, 'माझे काका' असं होतं. तुम्ही समितीवर आहात हे तुमच्या पत्रातून कळलं, त्या दिवशी मी ते खोडून बदललं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं टाइप करून घेतलं. एवढं करूनही पाठवायच्या आदल्या दिवशी हात थांबला होता. मला एकच भीती वाटत होती, की तुम्ही पहिल्या चार ओळींतच मला ओळखाल.

खारूताई